डासांच्या अळ्यांवर बीटीआय पावडर: अख्खा पावसाळा वापरल्यावर

यंदा पावसाळ्याआधी आमच्या दादरच्या सोसायटीत ठरलं, नुसता धूर मारून भागत नाही, अळीच मारायची. धुराने उडणारे डास मरतात, पण आपल्याकडच्या उबेत आठ-दहा दिवसांत अंड्यापासून नवा डास तयार. म्हणून बीटीआयची पावडर आणली. पूर्ण नाव बॅसिलस थुरिंजिएन्सिस इस्रायलेन्सिस. हा जिवाणू १९७६ साली इस्रायलच्या नेगेव वाळवंटात सापडला.

आधी खरेदीबद्दल. पहिल्या दुकानदाराने 'बीटी'च हवं ना म्हणत शेतीचं पाकीट पुढे केलं. त्यावर 'कुर्स्टाकी' छापलेलं होतं. तो याच जिवाणूचा दुसरा प्रकार, पिकांवरच्या अळीसाठी असतो, डासांच्या अळीला काही होत नाही. लेबलवर 'इस्रायलेन्सिस' वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

खरा कस लागला लिफ्टच्या पिटमध्ये. तिथे पावसाळाभर पाणी झिरपतं. पंप लावला तरी तळाला वीतभर राहतंच. टॉर्च मारला की अळ्या डोकं खाली करून लटकलेल्या, उजेड पडताच वळवळत तळाशी. पावडर बादलीत कालवून ओतली. दुसऱ्या दिवशी बहुतेक अळ्या मरून पडलेल्या. पण स्वल्पविरामासारखे वाकडे कोष (अळीनंतरची, डास होण्याआधीची अवस्था) मात्र मजेत वरखाली करत होते. तळमजल्यावरच्या काकांनी लगेच निकाल दिला, "माल नकली आहे!" तसं नाही. हे औषध पोटातून काम करतं. जिवाणूसोबत प्रथिनांचे स्फटिक असतात, ते अळीच्या अल्कधर्मी आतड्यात विरघळतात आणि आतड्याला भोकं पाडतात. कोष काही खातच नाही, तर मरणार कसा? म्हणून अळ्या लहान असतानाच टाकायची. आमच्या पोटात आम्ल असतं, तिथे हा खेळ चालत नाही. मागच्या विहिरीतले गप्पी मासेही ठणठणीत आहेत.

वैताग आहे तो टिकण्याचा. पावडर हळूहळू तळाशी बसते, उन्हात तिचा जोर जातो, आणि मोठी सर आली की वाहून जाते. आम्ही दर शनिवारी टाकायचो. एक शनिवार गेला की पुढच्या आठवड्यात अळ्या हजर. वॉचमनला काम लावून दिलं आणि विसरलं, असं इथे चालत नाही. शिवाय मुंबईच्या दमट हवेत उघडं पाकीट गोळा होतं, तेव्हा झाकण घट्ट असलेल्या डब्यात ठेवा.

मागच्या गटारात मात्र निराशा. घाण, गाळाच्या पाण्यात मात्रा वाढवूनही फरक थोडाच पडला. तिथल्या क्युलेक्स डासांसाठी लायसिनिबॅसिलस स्फेरिकस हा दुसरा जिवाणू जास्त टिकतो. पण डेंगी पसरवणाऱ्या एडिसवर तो फारसा चालत नाही, आणि सतत तोच वापरला तर क्युलेक्स त्याला दाद देईनासा होतो. बीटीआयमध्ये तीन-चार वेगवेगळी विषं एकत्र असल्याने तो धोका कमी.

कुंड्यांखालच्या ताटल्यांत पावडर टाकणं म्हणजे पैसे वाया. त्या उपड्या करा आणि ब्रशने घासा, कारण एडिसची अंडी कडेला चिकटून कोरड्यातही कित्येक महिने जगतात. पिण्याच्या टाकीत आम्ही पावडर टाकली नाही. तिथे घट्ट झाकण आणि ओव्हरफ्लोच्या पाइपला जाळी, एवढंच. मलेरियाचा अ‍ॅनोफिलीस स्टीफेन्सी अशाच टाक्यांत आणि विहिरींत अंडी घालतो, म्हणून पालिकेची माणसं आली की आधी गच्चीवर चढतात. त्यांच्याशी हुज्जत घालू नका.

डास गेले का? जिन्यात आणि लिफ्टपाशी उघड फरक आहे, बागेच्या बाजूला अजून चावतात. शेजारी बांधकाम चालू आहे, तिथे पाणी साचलंय. एडिस फार लांब उडत नाही म्हणतात, पण आमची कंपाउंडची भिंत ओलांडायला त्याला काही अडचण नाही. बिल्डरला दोन पत्रं दिलीत. पुढच्या मे महिन्यात पिटसाठी हीच पावडर घेणार, पण छोट्या पाकिटांत.