१८-२०० एकच, की १८-५५ आणि ५५-२५० ची जोडी?

क्रॉप सेन्सरच्या, म्हणजे लहान सेन्सरच्या, डीएसएलआर कॅमेऱ्याला दुसरी लेन्स घ्यायची म्हटलं की प्रश्न ठरलेला असतो. (लेन्सचे आकडे मिलिमीटरमध्ये: १८ ला दृश्य रुंद दिसतं, २०० ला लांबचं जवळ येतं.) कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ ची किट लेन्स ठेवून ५५-२५० घ्यावी, की किट विकून एकच १८-२०० लावावी? मी चार वर्षं जोडी वापरली आणि गेली तीन वर्षं एकच वापरतोय.

जोडीची बाजू कमजोर नाही. माझ्या डोळ्यांना तिचे फोटो जास्त शार्प वाटतात. माझी १८-२०० अठराला देवळाचे कडेचे खांब बाहेर फुगवते. संगणकावर ते सरळ होतात, पण दर फोटोला करत बसावं लागतं. दोनशेला फोटोच्या कडा मऊ पडतात, एफ ८ ला, म्हणजे लेन्सचं छिद्र लहान केल्यावर (एफचा आकडा मोठा तितकं छिद्र लहान), बऱ्या होतात. जवळचं फूल दोनशेवर काढलं तर अपेक्षेपेक्षा लहान येतं, कारण जवळ फोकस करताना लेन्सची पोहोच घटते. वजनाचा मुद्दा मात्र सोडून द्या. जोडीचं वजन एकत्र धरलं तर दोन्हीकडे पावणेसहाशे-सहाशे ग्रॅमच भरतं.

तरी मी बदललं ते धुळीमुळे. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर वारा खालून वर येतो. दरीचा फोटो घेत होतो, तेवढ्यात एक घार कड्याच्या बरोबरीने तरंगत आली. बॅग गुडघ्यांत धरली, बॉडीचं, म्हणजे कॅमेऱ्याचं, तोंड खाली केलं, झाकण दातात पकडून लेन्स बदलली. घार गेली, त्याचं फार वाटलं नाही. घरी आल्यावर पाहिलं तर त्यापुढच्या प्रत्येक फोटोत आकाशात उजवीकडे, एकाच जागी धुळीचा करडा ठिपका. एफ ५.६ ला जेमतेम जाणवणारा, एफ ११ ला ठसठशीत. आणि दरी तर आपण एफ ११ लाच काढतो! ब्लोअरने हवा मारूनही तो हलला नाही, सेन्सर साफ करून घ्यावा लागला. पुढच्या ट्रेकला दुसरा ठिपका आला, तेव्हा मी जोडी विकली.

झूम करताना १८-२०० सुद्धा थोडी हवा आत ओढते, हे खरं. पण तीन वर्षांत सेन्सर एकदाच साफ करावा लागला. गडाच्याच केदारेश्वराच्या गुहेत, पाण्यातल्या पिंडीपाशी, दोन्ही पर्याय अपुरे पडतात. तिथे कमी उजेडात चालणारी ३५ एफ १.८ च हवी.

देवळं-वाडे निवांत टिपायचे असतील, किंवा पक्ष्यांसाठी वरचे पन्नास मिलिमीटर हवे असतील, तर जोडी घ्या, पस्तावणार नाही. चालता चालता फोटो काढणाऱ्याने मात्र, माझ्या मते, एकच लावावी.

जुनी घेणार असाल तर दुकानातच बॉडीला लावून मधल्या झूमवर ठेवा आणि तोंड खाली करा. लेन्सची नळी आपोआप घरंगळत बाहेर आली तर दुसरी मागा. चढावर कॅमेरा गळ्यात असताना ती सारखी गुडघ्याला लागते.