अडीअडचणीचं पाणी कशात भरून ठेवावं: हंडा, स्टीलचं पिंप, जार की सीलबंद बाटल्या?

नाशिकला गंगापूर धरण उशाला असलं तरी जलवाहिनीच्या दुरुस्तीसाठी आपले नळ बंद राहतात, पावसाळ्यात पाणी गढूळ येतं. 2019 च्या ऑगस्टसारखा गोदावरीला पूर आला तर काठच्या वस्त्यांचे हाल वेगळेच. पिण्या-स्वयंपाकासह माणशी रोज 4 लिटर धरलं, तर चौघांना तीन दिवसांसाठी जवळपास 50 लिटर पाणी लागतं.

तांब्याचा हंडा या हिशेबातून आधीच वगळा. तांबट आळीतला हंडा रोजच्या पाण्याला उत्तम. पण क्लोरीनचं पाणी त्यात दिवसेंदिवस ठेवू नये. माठातलं पाणी तर पाझरून कमीच होत जातं.

खरी निवड स्टीलचं पिंप आणि झाकणाचा, अन्नासाठी योग्य प्लास्टिकचा कॅन यांत आहे. पिंप वर्षानुवर्षं टिकतं, घासायला सोपं. मात्र त्याला खाली तोटी हवीच. पाणी बहुतेकदा साठवताना नाही, काढताना बिघडतं: झाकण उघडलं, तांब्या बुडवला, बोटं लागली की संपलं. अरुंद तोंडाच्या कॅनात हात जातच नाही, आणि 20 लिटरचा कॅन जड असला तरी हलवता येतो. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना मी कॅनच सुचवेन. रसायनांचे जुने कॅन कितीही धुतले तरी नकोत.

भरायचं कोणतं पाणी? इथे बरेच जण आरओचं भरतात. रोज प्यायला ते ठीक, पण त्या यंत्रातला कार्बन फिल्टर क्लोरीन काढून टाकतो आणि साठवणीत पाण्याची राखण करणारं काही उरत नाही. महापालिकेचं स्वच्छ आलेलं पाणी थेट नळावरून भरा. गढूळ असेल तर निवळू द्या, दुहेरी कापडातून गाळा, मग खळखळ उकळा किंवा मेडिक्लोर (पाणी शुद्ध करायचं क्लोरीनचं द्रावण) बाटलीवरच्या प्रमाणात टाकून अर्धा तास थांबा. कॅनवर तारीख लिहा, उन्हापासून आणि रॉकेल-फिनाईलपासून दूर ठेवा. असं पाणी सहा महिने ठेवता येतं, तरी आपल्याकडचा उन्हाळा पाहता मी महिन्याला बदला म्हणेन. जुनं झाडांना घाला.

दुकानदार आणून देतात तो थंड पाण्याचा जार राखीव साठा म्हणून धरू नका. सील आणि आयएसआय चिन्ह नसेल तर आत काय आहे ते कळायला मार्ग नाही. सीलबंद बाटल्या महाग पडतात, पण बाटलीचं दूध पिणारं तान्हं मूल घरात असेल तर एक खोकं वेगळं ठेवाच.