सागरी विज्ञान, हवामानबदल की मत्स्यव्यवस्थापन? मराठवाड्यातल्या नव्या संशोधकांसाठी तीन वाटांची तुलना

मराठवाड्यातून समुद्र गाठायचा म्हणजे रात्रभराचा प्रवास. तरीही इथून प्राणिशास्त्राची एम.एस्सी. झालेले किंवा उदगीरच्या मत्स्यविज्ञान महाविद्यालयातून बी.एफ.एस्सी. झालेले विद्यार्थी समुद्रावरच्या संशोधनात जाऊ पाहतात, आणि ते योग्यच आहे. जूनमध्ये आपण ज्या पावसाची वाट बघतो त्याचं बाष्प त्याच समुद्रावरून येतं. अडचण होते ती निवड करताना. बहुतेक जण संस्थेचं नाव ऐकून ठरवतात. आमचं म्हणणं असं, की पुढची चार-पाच वर्षं रोज आपल्या हातात काय येणार आहे ते आधी विचारा: बाटलीतलं पाणी, मोजपट्टीवरचा मासा, की संगणकावरची फाईल. तीनही वाटा चांगल्या आहेत, पण एकीवरून दुसरीवर मध्येच उडी मारणं महागात पडतं.

दार कुणासाठी उघडं आहे

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, म्हणून हे आधी.

मत्स्यव्यवस्थापनाची सरळ वाट म्हणजे बी.एफ.एस्सी., मग एम.एफ.एस्सी., मग पीएच.डी. पहिली पदवी चार वर्षांची. ती महाराष्ट्रात उदगीर आणि नागपूर इथे पशु व मत्स्यविज्ञान विद्यापीठाकडे आहे, रत्नागिरीला शिरगावच्या महाविद्यालयात दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडे. पुढच्या शिक्षणासाठी मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे, 1961 साली सुरू झालेली, आता अभिमत विद्यापीठ. एम.एफ.एस्सी.च्या बहुतेक शाखांना बी.एफ.एस्सी.च लागते. प्राणिशास्त्राची बी.एस्सी. करून ‘नंतर एम.एफ.एस्सी.ला जाऊ’ असं धरून चालणाऱ्यांची तीन वर्षं इथेच अडकतात. तुम्ही अजून बारावीत असाल आणि मन मत्स्यव्यवस्थापनात असेल, तर उदगीर सोडून दूरची नुसती बी.एस्सी. घेऊ नका.

सागरी विज्ञानाचं दार एम.एस्सी.वाल्यांना उघडं आहे, आणि ते वाटतं त्यापेक्षा रुंद आहे. गोव्यात दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, 1966 साली स्थापन झालेली. तिची प्रादेशिक केंद्रं मुंबई, कोची आणि विशाखापट्टणमला आहेत. तिथे प्राणिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, रसायनशास्त्र, भूगर्भशास्त्र, भौतिकशास्त्र अशा सगळ्यांना काम आहे. संभाजीनगर किंवा नांदेडच्या विद्यापीठातून रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेल्यांच्या मनातही येत नाही की समुद्राच्या रसायनशास्त्राला तेच हवे असतात. प्रवेशाचा मुख्य रस्ता म्हणजे सीएसआयआर-यूजीसी नेट परीक्षा, जून आणि डिसेंबर सत्रांची. प्राणिशास्त्रवाले लाइफ सायन्सेसचा पेपर देतात, भूगर्भ आणि भौतिकीवाल्यांनी पृथ्वी, वातावरण, महासागर व ग्रहविज्ञानाचा पेपरही पाहावा. समुद्रविज्ञान त्याच्या अभ्यासक्रमातच आहे.

हवामानबदलाच्या वाटेला भौतिकशास्त्र, गणित किंवा संगणकाची तयारी हवी. पुण्याची भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आणि हैदराबादचं इन्कॉइस, म्हणजे भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र, ही दोन मोठी ठिकाणं. आंतरराष्ट्रीय हवामान प्रारूपांच्या (संगणकी मॉडेलांच्या) तुलनेच्या सहाव्या फेरीत भारताचं म्हणून जे पहिलं प्रारूप गेलं, ते पुण्यात तयार झालेलं. प्राणिशास्त्रवाल्याला इथे मज्जाव नाही, पण कलन (कॅल्क्युलस) आणि प्रोग्रामिंग यांची भीती मनात ठेवून आलात तर पहिलं वर्ष फार जड जातं.

हातात काय येतं: पाणी

समुद्रावरची जहाजफेरी ऐकायला मोठी वाटते. प्रत्यक्षात संशोधक विद्यार्थ्याच्या वाट्याला वर्षातून एखादी फेरी आली तरी पुष्कळ, आणि तिथे रात्रीबेरात्री ठरलेल्या खोलीवरून आलेलं पाणी बाटल्यांत भरणं हेच मुख्य काम. चूक झाली तर जहाज परत त्या जागी जात नाही. म्हणून हात आधीच बसलेला हवा, आणि तो बसवायला गोवा लागत नाही. पैठणचा नाथसागर जलाशय पुरतो.

विरघळलेला ऑक्सिजन मोजण्याची विंकलर पद्धत घ्या. 300 मि.ली.ची बीओडी बाटली नळीने तळापासून भरायची आणि पाणी वरून वाहू द्यायचं. बादलीतून ओतून भरलं की हवेतला ऑक्सिजन मिसळतो आणि आकडा फुगतो. मग पिपेटचं टोक पाण्याखाली ठेवून 2 मि.ली. मँगनस सल्फेट आणि 2 मि.ली. अल्कली-आयोडाइड-अझाइड घालायचं, बूच असं लावायचं की आत बुडबुडा राहणार नाही, आणि बाटली उलटसुलट करून हलवायची. तपकिरी साका आला तर ऑक्सिजन आहे, पांढराच राहिला तर जवळजवळ नाही. साका खाली बसल्यावर 2 मि.ली. तीव्र सल्फ्युरिक आम्ल घालायचं. मूळ नमुन्याच्या 200 मि.ली.इतका भाग 0.025 नॉर्मल थायोसल्फेटने टायट्रेट केला, तर जितके मि.ली. लागले तितके मि.ग्रॅ. प्रति लिटर ऑक्सिजन. स्टार्च घालायचं ते रंग फिका पिवळा झाल्यावर. आधी घातलं तर आयोडीन स्टार्चला धरून बसतं आणि शेवटचा बिंदू चुकतो. थायोसल्फेट ठेवून ठेवून बिघडतं, म्हणून कामाच्या दिवशी त्याचं प्रमाणीकरण करायलाच हवं. हे टाळलं की सगळ्या वहीभर एकाच बाजूची चूक पसरते आणि ती नंतर शोधूनही सापडत नाही.

समुद्रावर बाटली लहान असते आणि प्रत्येकीचं घनफळ वेगळं मोजून लिहिलेलं असतं. बाकी हाताची कामं हीच. अरबी समुद्रात सुमारे 150 ते 1000 मीटर खोलीत ऑक्सिजन फार कमी असलेला पट्टा आहे. तिथल्या पाण्यात हवेचा एक बुडबुडा राहिला, तरी मोजणी बिघडते. नाथसागरावर पहाटे, उजाडण्याच्या आधी आणि दुपारी अशा दोन वेळांची वर्षभर मोजणी केलेला विद्यार्थी मुलाखतीत ठामपणे बोलू शकतो. पहाटेचा आकडा सगळ्यात कमी का, हे त्याला पाठ करावं लागत नाही.

हातात काय येतं: मासा

मत्स्यव्यवस्थापनात माशांच्या साठ्याचा अंदाज हा गाभा. मासा किती वेगाने वाढतो, किती मरतो, त्यातला किती जाळ्याने मरतो, याचं गणित बहुतेक वेळा लांबीच्या मोजमापावर उभं असतं. दर महिन्याला एकाच जातीचे काही शे मासे मोजायचे, लांबीचे गट पाडायचे, आणि महिन्यागणिक गट पुढे कसे सरकतात त्यावरून वाढीचा दर काढायचा. संगणकावर आर भाषेतलं ट्रॉपफिशआर हे पॅकेज फुकट मिळतं. चुका संगणकावर फारशा होत नाहीत, त्या बंदरावर होतात.

एका महिन्यात बांगड्याची पूर्ण लांबी मोजली आणि दुसऱ्यात शेपटीच्या खाचेपर्यंतची, तर सगळी मालिका वाया. लिलावाच्या ढिगातून नमुना घेतला तर व्यापाऱ्याने आधीच आकारानुसार निवडलेले मासे मिळतात, म्हणून निवड होण्याआधीच्या टोपलीतून घ्यावा लागतो. मोजणारा दमला की 173 ऐवजी 175 लिहू लागतो, आणि आलेखात 5 आणि 0 वर खोटे उंचवटे दिसतात.

यात ऋतूचं भान फार महत्त्वाचं. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै अशी 61 दिवस यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. त्या काळात लहान बिगरयांत्रिक होड्यांचा मासा मिळतो, पण त्यांचं जाळं वेगळं, म्हणून मिळणारे आकारही वेगळे. मे महिन्यात नमुने सुरू केले तर पहिल्याच महिन्यानंतर खंड पडतो. ऑगस्टपासून सुरू केले तर पुढच्या मेपर्यंत सलग दहा महिने हाती लागतात. पूर्व किनाऱ्यावरची बंदी 15 एप्रिल ते 14 जून, तेव्हा विशाखापट्टणमला गेलेल्याचं वेळापत्रक वेगळं होईल.

जलाशयावरचा सराव इथेही कामी येतो, पण त्याचे फायदे-तोटे समजून घ्यावेत. नाथसागरात कटला, रोहू, मृगळ यांची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडतात. सोडल्याची तारीख मच्छीमार सहकारी संस्थेच्या नोंदीत मिळाली, तर माशाचं वय अंदाजाने काढावं लागत नाही. समुद्रात अशी चैन नाही. तोटा असा, की गळजाळं एकाच आसाचं (छिद्राच्या मापाचं) असेल तर ते ठराविक आकाराचेच मासे पकडतं. मग तुमचा आलेख जलाशयाचा राहत नाही, त्या जाळ्याचा होतो. तीन-चार वेगवेगळ्या आसांच्या जाळ्यांतले मासे वेगवेगळे नोंदवले तरच उपयोग.

हवामान आणि मासा यांची गाठ मराठवाड्यात जितकी उघडी दिसते तितकी किनाऱ्यावरही दिसत नाही, असं आम्हाला मनापासून वाटतं. नाथसागराची एकूण क्षमता 2,909 दशलक्ष घनमीटर, त्यातला मृतसाठा 738. पाणी मृतसाठ्याखाली गेलं की मासे थोड्या पाण्यात दाटतात, पकडायला सोपे होतात, आणि त्या वर्षीची भरघोस मासळी म्हणजे पुढच्या वर्षीची तूट असते. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यातल्या जलाशयांच्या मासळीच्या नोंदी कुठे मिळाल्या तर त्यावर चांगला प्रबंध होऊ शकेल. हा विषय मराठवाड्यातल्या कुणीतरी हाती घ्यावा.

हातात काय येतं: फाईल

इथे प्रवासखर्च नाही, बंदी नाही, लाटा नाहीत. 1951 ते 2015 या काळात उष्णदेशीय हिंद महासागराच्या पृष्ठभागाचं तापमान सुमारे 1 अंश सेल्सियसने वाढलं. असे निष्कर्ष काढायला लागणारी बरीच विदा (डेटा) फुकट उपलब्ध आहे. समुद्राच्या पृष्ठभागाचं रोजचं तापमान, पाव अंशाच्या चौकटीत, सप्टेंबर 1981 पासून मिळतं. 5 ते 25 उत्तर अक्षांश आणि 50 ते 78 पूर्व रेखांश एवढाच अरबी समुद्राचा तुकडा घेतला, तर 80 गुणिले 112 म्हणजे 8,960 चौकटी होतात. चार दशकांची रोजची विदा साध्या लॅपटॉपवर अर्ध्या जीबीच्या आसपास मावते. सबंध जगाच्या फाईली उतरवून लॅपटॉप बंद पाडण्याची गरज नसते.

सुरुवातीला अडतं ते साध्या गोष्टींत. एका फाईलमध्ये रेखांश 0 ते 360, दुसरीत उणे 180 ते 180. एकीत तापमान केल्व्हिनमध्ये. उपग्रहाच्या हरितद्रव्याच्या नोंदी जून ते सप्टेंबर ढगांमुळे जवळजवळ रिकाम्या, आणि किनाऱ्याजवळच्या गढूळ पाण्यात त्या फुगलेल्या. पावसाळ्याची सरासरी काढताना उरलेल्या चार-दोन निरभ्र दिवसांनाच महिना मानलं, की निष्कर्ष कोसळतो. सरावासाठी समुद्री उष्णतालाटा शोधून पाहा: 30 वर्षांच्या संदर्भकाळातल्या त्याच दिवसांच्या नव्वदाव्या शतमकाच्या (ज्याच्या खाली 90 टक्के नोंदी येतात त्या पातळीच्या) वर तापमान सलग किमान 5 दिवस राहिलं, की ती उष्णतालाट. हे पायथनमध्ये स्वतः करून बघितलं की ही वाट आपली आहे की नाही ते महिनाभरात कळतं.

पैसा, अंतर, भाषा

नेट-जेआरएफ (कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती) मिळाली तर 1 जानेवारी 2023 पासून दरमहा 37,000 रुपये, दोन वर्षांनंतर 42,000, घरभाडं वेगळं. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या पीएच.डी. अधिछात्रवृत्तीही आहेत, पण त्यांच्या अटी आणि नोंदणीच्या तारखा आधी वाचा. गोव्यात किंवा कोचीत राहून त्या मिळतीलच असं गृहीत धरू नका.

अंतराचा विचार नांदेड-लातूरकडच्यांनी उलटा करावा. त्यांना मुंबईपेक्षा हैदराबाद जवळ, आणि इन्कॉइसमध्ये युनेस्कोशी संलग्न असलेलं समुद्रविज्ञानाचं आंतरराष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र आहे. तिथले छोटे अभ्यासक्रम साधारण आठवड्याचे असतात. एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी असा एखादा केला तर निवड सोपी होते. पीएच.डी.च्या जागी मात्र तो चालत नाही, आणि पाच प्रमाणपत्रं जमवल्याने एक प्रबंध होत नाही.

कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचं नाव साठ्याच्या अभ्यासात मोठं आहे. पण बंदरावर मच्छीमारांशी बोलायला मल्याळम लागते. दुभाष्यामार्फत घेतलेल्या मुलाखतीत जाळं कधी टाकलं, किती तास, कोणत्या खोलीत, हे तपशील गळतात, आणि साठ्याचं गणित तर त्याच तपशिलांवर चालतं. याच संस्थेचं मुंबईतही केंद्र आहे. मच्छीमारांशी थेट बोलून करायचा विषय असेल तर आम्ही मुंबई किंवा रत्नागिरी सुचवू. तिथेही पहिला महिना बोंबील, मांदेली, तारली, घोळ, मुशी ही नावं आणि त्यांची शास्त्रीय नावं जुळवण्यातच जाईल, त्याची लाज वाटू देऊ नका.

मग कुणी काय घ्यावं

बी.एफ.एस्सी. झालेल्याने मत्स्यव्यवस्थापन सोडू नये. त्याच्याकडची चार वर्षांची तयारी एम.एस्सी.वाल्याला दोन वर्षांत भरून काढता येत नाही. प्राणिशास्त्र किंवा रसायनशास्त्राची एम.एस्सी. असेल आणि प्रयोगशाळेत हात चालत असेल, तर नेट देऊन सागरी विज्ञान. भौतिकशास्त्र-गणितवाल्यांना आणि घरच्या जबाबदारीमुळे लांब फिरणं शक्य नसणाऱ्यांना हवामानाची वाट. ज्यांना मासा आणि हवामान दोन्ही हवं आहे, त्यांनी पीएच.डी. मत्स्यव्यवस्थापनात करावी आणि पायथन सोबत शिकावं. उलट केलं तर बंदरावरचं शिकायला वेळ मिळत नाही.

मार्गदर्शकांना पत्र लिहिताना ‘मला समुद्राची आवड आहे’ एवढंच लिहू नका. स्वतः घेतलेल्या नमुन्यांचा एक तक्ता किंवा स्वतः काढलेला एक आलेख जोडा, खाली ठिकाण, तारखा, नमुन्यांची संख्या आणि राहिलेल्या त्रुटी लिहा. बंदरावरचा विषय असेल तर पत्र फेब्रुवारी-मार्चमध्येच पाठवा, म्हणजे परवानग्या, मोजपट्ट्या आणि प्रपत्रं जुलैपर्यंत तयार होतील आणि 1 ऑगस्टला नौका निघतील तेव्हा तुम्ही धक्क्यावर असाल.