तिसऱ्या घंटेनंतरचा कॅमेरा: कॅनन आर6 मार्क टू चौदा महिने वापरल्यावर

मी नाटकांची आणि गाण्याच्या बैठकींची छायाचित्रे काढतो. सर्वसाधारण चाचण्यांमध्ये ज्या गोष्टींना दोन ओळी मिळतात, त्यांच्यावरच माझी निवड ठरली, म्हणून हे आधी सांगितलेले बरे. माझ्याकडे आठ वर्षे कॅनन 6डी होता. त्याच्या 'सायलेंट' म्हणवल्या जाणाऱ्या पद्धतीतही आत हलणाऱ्या आरशाचा आवाज येत असे, आणि शांत प्रसंगात तो चौथ्या रांगेपर्यंत पोहोचत असे. एका तालमीत दिग्दर्शकाने वळून माझ्याकडे नुसते पाहिले, बोलला काही नाही. कॅमेरा बदलायचे मी त्या दिवशी ठरवले.

निवड दोघांत होती. 2021 मध्ये आलेला सोनी ए7-फोर 33 मेगापिक्सेलचा, तर 2022 च्या नोव्हेंबरमध्ये आलेला कॅनन आर6 मार्क टू 24 मेगापिक्सेलचा. बाजारात आले तेव्हा दोन्हींची बॉडी, म्हणजे लेन्सशिवाय नुसता कॅमेरा, अडीच लाखांच्या अलीकडे होती, त्यामुळे किमतीने निकाल लागणार नव्हता. मेगापिक्सेलनेही लागला नाही. 7008 आणि 6000 पिक्सेल ही रुंदीतली तफावत कागदावर मोठी दिसते, पण चित्र कापून जवळ आणताना प्रत्यक्षात साधारण सतरा टक्केच जादा वाव मिळतो. एका मित्राने त्याचा सोनी मला जवळजवळ दोन महिने वापरायला दिला, म्हणून पुढची तुलना नुसत्या तक्त्यावरून केलेली नाही.

निकाल लागला तो सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारा भाग, वाचला जाण्याच्या वेगावर. पूर्ण नि:शब्द छायाचित्रण म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर. त्यात यांत्रिक पडदा हलत नाही, सेन्सरच्या ओळी वरून खाली एकामागून एक वाचल्या जातात. ए7-फोरला पूर्ण चौकट वाचायला साधारण 1/15 सेकंद लागतो, तर आर6 मार्क टूला 1/70 सेकंदाच्या आसपास. शटर 1/500 वर ठेवले तरी हा काळ कमी होत नाही. प्रत्येक ओळ स्वच्छ येते, पण पहिली आणि शेवटची ओळ वेगवेगळ्या क्षणांची असते. बसून गाणाऱ्या कलावंताच्या आलापात हे कुणाच्या लक्षातही येणार नाही. तबलजीच्या हाताकडे वळलात की मात्र लगेच कळते. हाताने चौकटीची चौथाई उंची व्यापली असेल, तर सोनीत तेवढा भाग वाचला जाईपर्यंत सुमारे 1/60 सेकंद जातो, आणि द्रुत लयीत तेवढ्या वेळात बोट दोन-तीन सेंटिमीटर सहज सरकते. माझ्या एका चित्रात मनगट सरळ होते, पण तबल्याच्या शाईवर उतरणारी बोटे मेणाची असल्यासारखी एका बाजूला कललेली होती. हा सोनीचा बिघाड नव्हे, त्या सेन्सरचा स्वभाव आहे. यांत्रिक शटर लावले की दोष नाहीसा होतो, फक्त त्याबरोबर शांतताही जाते.

दुसरा प्रश्न दिव्यांचा. जुन्या हॅलोजनच्या दिव्यांत तार तापलेली राहते, त्यामुळे प्रकाश फारसा लुकलुकत नाही. आता नाट्यगृहांत आणि मांडवांत एलईडी आले आहेत, आणि त्यांतले स्वस्त दिवे डोळ्यांना न कळेल अशा वेगाने विझतात आणि लागतात. दिवा सेकंदाला शंभरदा लुकलुकत असेल, तर सोनीच्या एका चौकटीत सहा-सात आडवे पट्टे पडतात, कॅननच्या चौकटीत एखाद-दुसरा. म्हणजे कॅननमध्येही पट्टे येतातच, याबाबत कुणी गैरसमज करून घेऊ नये. मात्र आर6 मार्क टूमध्ये शटरचा वेग दशांशाच्या बारकाईने बदलता येतो, आणि पहिल्या अंकाच्या सुरुवातीलाच डोळा व्ह्यूफाइंडरला लावून पट्टे विरळ होईपर्यंत चकती फिरवायची मला आता सवय झाली आहे. सोनीकडेही या धर्तीची सोय आहे, पण वाचनाचा काळच मोठा असला की तिला मर्यादा पडते.

अंधारातल्या फोकसचे आकडे वाचताना सावध राहावे. किती अंधारात फोकस होतो हे ईव्ही या मापात सांगतात, आणि त्यात एक पायरी खाली म्हणजे प्रकाश निम्मा. कॅनन उणे 6.5 ईव्ही सांगतो आणि सोनी उणे 4, म्हणून पहिला अडीच पायऱ्यांनी सरस असे वाटते. परंतु कॅननचा आकडा जास्त प्रकाश आत घेणाऱ्या एफ/1.2 लेन्सवरचा आहे आणि सोनीचा एफ/2 वरचा, त्यामुळे दीड पायरी तिथेच वजा होते. वापरात मला दोघेही पुरेसे भरवशाचे वाटले. दाट रंगभूषा, मिशा, डोक्यावर पदर अशा चेहऱ्यांचे डोळे दोघेही शोधतात. दोन पात्रे एकमेकांसमोरून गेली की कॅनन धरलेले पात्र सहसा सोडत नाही, सोनी क्वचित पुढच्या पात्राकडे जातो. मात्र हे माझ्या सेटिंगमुळेही असेल.

हात हलून चित्र पुसट होऊ नये म्हणून असलेल्या आठ पायऱ्यांच्या स्थिरीकरणाचा गाजावाजा माझ्या कामात फारसा उपयोगी नाही, कारण नट हलत असतो आणि मला 1/200 च्या खाली जाता येत नाही. कोणत्या कंपनीचे रंग चांगले हा जो जुना वाद आहे, त्यात रॉ फाइलवर, म्हणजे कॅमेऱ्याने रंग पक्के न केलेल्या कच्च्या नोंदीवर, काम करणाऱ्याने पडू नये.

आता कॅननच्या उण्या बाजू. इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये रॉ फाइल 14 ऐवजी 12 बिटची होते, म्हणजे छटांची नोंद कमी बारीक होते, त्यामुळे कमी आयएसओवर (प्रकाशाच्या संवेदनशीलतेच्या आकड्यावर) सावल्या उचलल्या की किंचित खरखर दिसते. मी 3200 किंवा 6400 वर असतो, आणि तिथे मुळातली नॉइजच इतकी असते की हा फरक बुडून जातो. सेकंदाला 40 चौकटींचा वेग मात्र शापच ठरला. आवाज नसल्यामुळे आपण किती वेळ बटण दाबून आहोत याचे भान राहत नाही. पहिल्याच प्रयोगानंतर मी तीन हजारांहून अधिक चित्रे घेऊन घरी आलो आणि ती निवडण्यात दोन रात्री गेल्या. आता वेग कमी करून ठेवला आहे.

एक फजिती माझ्या सवयीची. 6डीचा चालू-बंद खटका डाव्या खांद्यावर होता. आर6 मार्क टूमध्ये तो उजवीकडे गेला आहे आणि डावीकडे छायाचित्र-व्हिडिओ बदलण्याचा खटका आहे. मध्यंतरात कॅमेरा बंद करतो आहे असे समजून मी तो डावा खटका फिरवत असे, आणि तिसरी घंटा होऊन पडदा वर गेला की कॅमेरा व्हिडिओच्या तयारीत उभा. बोटांना नवी जागा कळायला दीड महिना लागला.

खरी तक्रार लेन्सची आहे. सोनीच्या माउंटवर, म्हणजे लेन्स बसवण्याच्या जोडणीवर, सिग्मा आणि टॅमरॉन यांच्या उत्तम लेन्स मिळतात; टॅमरॉनची 35-150 एफ/2-2.8 ही तर जणू रंगमंचासाठीच घडवलेली वाटते, आणि मी ती परत देताना हळहळलो. कॅननने 2024 मध्ये या दोघांसाठी आपल्या नव्या आरएफ माउंटचे दार किलकिले केले, पण ते माझ्या कॅमेऱ्यापेक्षा लहान सेन्सरच्या लेन्सपुरते. माझा निभाव लागला तो 6डीच्या ईएफ माउंटच्या जुन्या 70-200 एफ/2.8 लेन्समुळे. ईएफ आणि आरएफ माउंटमधले 24 मिलिमीटरचे अंतर भरून काढणाऱ्या अडॅप्टरमध्ये काच नसते, त्यामुळे चित्राच्या दर्जात काही उणे होत नाही, आणि फोकस तर 6डीपेक्षा कितीतरी चपळ झाला. ही लेन्स कपाटात नसती, तर माझा हिशेब बदलला असता.

म्हणूनच गेल्या दिवाळीत भाचीने लग्नांच्या कामासाठी कोणता घेऊ असे विचारले, तेव्हा मी तिला सोनी सांगितला. तिच्याकडे एकही जुनी लेन्स नव्हती, मांडवात शांततेची अट नसते आणि तिचे निम्मे काम फ्लॅशवर चालते. इलेक्ट्रॉनिक शटरवर आर6 मार्क टूचा फ्लॅश पेटतच नाही. ज्या गुणासाठी मी तो घेतला, तो तिच्या कामाचाच नव्हता. तिने ए7-फोर आणि टॅमरॉनची 28-75 घेतली आहे, आणि लेन्समध्ये वाचलेल्या पैशांतून दोन फ्लॅश.