आरएक्स १००: नऊ महिने आणि १८० रुपयांचं एक रबर

गाडीचं वर्णन करत बसत नाही. यामाहाची मोटारसायकल, ९८ सीसी, टू-स्ट्रोक, १९९६ नंतर नवी मिळणं बंद, हे ज्याला माहीत नाही तो हे वाचणारच नाही. माझी १९९४ ची, ५८ हजारांना घेतली. कागदपत्रं चोख. तेवढंच चोख होतं.

पहिले चार महिने मी गाडीच्या दुखण्याचंच कौतुक केलं. सकाळी चोक (थंड इंजिनाला पेट्रोल जास्त देणारा खटका) ओढून सुरू व्हायची आणि कोल्हापूरच्या शिवाजी पुलापर्यंत चोक काढला की बंद पडायची. जुनी आहे, थंडी लागते, म्हणायचो. सिग्नलला रेस सोडली तरी इंजिन वरच रेंगाळायचं, ते मला पिकअप वाटायचं. प्लगचं टोक खडूसारखं पांढरं. मला वाटलं, किती स्वच्छ जळतंय! आणि मायलेज ४५. आरएक्सला ४५! गल्लीत सांगत सुटलो.

मग पन्हाळ्याला जाताना वाघबीळच्या चढाला पिस्टन पकडला, म्हणजे तापून सिलिंडरमध्ये जाम झाला. मागचं चाक घसटलं, क्लच दाबला म्हणून वाचलो.

पहिले मिस्त्री म्हणाले, "पावणं, तेल कमी पडतंय, वाढवा." टू-स्ट्रोकला तेल पेट्रोलातच मिसळतात; लिटरला २५ मिली घालत होतो, ४० केलं. हा सल्ला उलटा पडतो. जेटचं (कार्बोरेटरमधून पेट्रोल सोडणाऱ्या छोट्या तोटीचं) भोक तेवढंच; त्यातून तेल जास्त गेलं की पेट्रोल तेवढं कमी जातं. आधीच इंजिनात हवा जास्त (पांढरा प्लग, रेंगाळणारी रेस ही त्याचीच लक्षणं), त्यात मी पेट्रोल आणखी काढून घेतलं. सायलेन्सरमधून काळं पाणी ठिबकायला लागलं ते वेगळंच.

उद्यमनगरातल्या दुसऱ्या मिस्त्रींनी कार्बोरेटर उघडला आणि हसायला लागले. मेन जेटवर आकडा नाही, स्लाइड तिसऱ्याच गाडीची, फिल्टरच्या डब्यात फोमच नाही, सायलेन्सरचं बॅफल (आतली आवाज दाबणारी नळी) कापलेलं. हवा मोकळी येतेय, धूर मोकळा जातोय आणि जेट मात्र कंजूष. पण माझा जीव अडकला तो रबरात. सिलिंडर आणि कार्बोरेटरच्या मधलं रबर दुसऱ्याच गाडीचं, सैल, सिलिकॉन फासून बसवलेलं. पेट्रोल लागून सिलिकॉन फुगलं आणि सुटलं. इंजिन थंड असताना चालू करून त्या सांध्यावर कार्ब क्लीनर मारला तर आवाज लगेच बदलला, म्हणजे हवा तिथूनच शिरत होती. दोन मिनिटांचं काम! एअर स्क्रू (कार्बोरेटरची हवा कमी-जास्त करणारा) पूर्ण आत पिळूनही काही फरक का पडत नव्हता, ते तेव्हा उमगलं.

रबर १८०, फोम ६०, आकडे असलेले जेट २४०. बोअर आणि पिस्टन ३,४००. म्हणजे १८० रुपये वाचवणाऱ्या कुणा अज्ञात महाभागाने मला ३,४०० ला घातलं. जेट एकेक पायरी वाढवत गेलो. तिसऱ्या गिअरला पूर्ण रेस, तिथेच इंजिन बंद, क्लच धरून थांबायचं आणि प्लग बघायचा. गल्लीत रमतगमत आलेल्या गाडीचा प्लग काही सांगत नाही. प्लगला चहाचा रंग आला, म्हणजे हवा-पेट्रोल जुळलं, तेव्हा थांबलो.

इथपर्यंतचं सातव्या महिन्यात लिहून ठेवलं होतं आणि खाली "रबर बदला, सुखी व्हा" असंही होतं. ते खोडतोय.

आठव्या महिन्यात रेस पुन्हा रेंगाळायला लागली. मी रबरच बघत बसलो, वास घेतला, नवीन आणलं. ३६० झाले. बायको म्हणाली, "गॅसच्या नळीची मुदत संपलीय ते मी वर्षभर सांगतेय, तिचा वास घ्या." मिस्त्रींनी रबराला हातही लावला नाही. डावं कव्हर आणि मॅग्नेट काढलं. क्रँकचं (इंजिनच्या मुख्य दांड्याचं) ऑइल सील पापडासारखं कडक. गाडी दोन वर्षं उभी होती म्हणे. उजवं सील गेलं तर गिअर ऑइल आत ओढलं जाऊन पांढरा धूर येतो, चोर सापडतो. डावं मात्र गुपचूप हवा पितं. सील ९०, मजुरी ४००.

आता पहिल्या किकला सुरू होते, चोक निम्म्या मिनिटात निघतो, वाघबीळ तिसऱ्यावर चढते. तक्रार एकच. मायलेज ३६ वर आलंय. गल्लीत अजून कुणाला सांगितलेलं नाही.