‘किंवा तत्सम’ : केरळच्या जंगल लॉजच्या नावाखाली होणारी फसवणूक

आखाजीचे, म्हणजे अक्षय्य तृतीयेचे, झोके उतरतात, लेकीबाळी सासरी परततात आणि जळगाव-धुळ्याचा पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर जाऊन बसतो. मुलांना जूनपर्यंत सुट्टी असते. या दिवसांसाठीचं बुकिंग जानेवारी-फेब्रुवारीतच होतं आणि फसवणूकही तेव्हाच होते. कळते मात्र मे महिन्यात, घरापासून दीड हजार किलोमीटरहून लांब गेल्यावर, मुलं-म्हातारी माणसं सोबत असताना. चाळीसगाव तालुक्यातल्या एका कुटुंबाबरोबर जे घडलं ते इथे टप्प्याटप्प्याने देत आहोत, कारण यातला एकही टप्पा वेगळा किंवा दुर्मीळ नाही.

माणसं सहा : चार मोठी, दोन मुलं, एक नऊ वर्षांचं आणि एक पाच. भाऊकीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘केरळ जंगल स्पेशल’ असा मेसेज आला. धुक्यातलं ट्री-हाउस, तळ्यावर पाणी पिणारे हत्ती. सहा रात्रींचा कार्यक्रम होता : मुन्नार दोन, थेक्कडी दोन, वायनाड एक, अलप्पुळ्याला हाउसबोट एक. मोठ्यांना २२,००० आणि मुलांना १४,०००, म्हणजे एकूण १,१६,००० रुपये. रेल्वेचं तिकीट ज्याचं त्याने काढायचं. साठ टक्के आगाऊ, म्हणजे ६९,६०० रुपये, तीन हप्त्यांत यूपीआयने गेले. खातं कुठल्या संस्थेचं नव्हतं, एका माणसाच्या नावाचं होतं. कुणी शंका काढलीच तर उत्तर तयार होतं, ‘तो आपला माणूस शे.’ उरलेले ४६,४०० निघायच्या आठवडाभर आधी ‘नाहीतर बुकिंग रद्द होईल’ असं सांगून घेतले.

बदल्यात एक पीडीएफ मिळाली, आणि सगळी फसवणूक त्यातच लिहिलेली होती. ‘मुन्नार – डीलक्स जंगल रिसॉर्ट किंवा तत्सम. थेक्कडी – व्याघ्र प्रकल्पाच्या आत लॉज किंवा तत्सम. वायनाड – ट्री-हाउस किंवा तत्सम.’ एकाही लॉजचं नाव नाही, पत्ता नाही, बुकिंग नंबर नाही. चांगले टूरवालेही ‘किंवा तत्सम’ लिहितात, पण त्याआधी एका लॉजचं नाव देतात. मग ‘तत्सम’ला काही अर्थ राहतो, तुलना करता येते. नावच नसेल तर कशाच्या तत्सम, हे ठरवायचा अधिकार एजंटाकडे जातो. त्याने तुम्हाला लॉज विकलेलाच नसतो. त्याने फक्त प्रदेशाचं नाव विकलेलं असतं.

मुन्नारला खोल्या खरोखर राखून ठेवलेल्या होत्या, पण पैसे एका रात्रीचेच भरलेले होते. दुसऱ्या रात्रीसाठी दोन खोल्यांचे प्रत्येकी ३,५०० असे ७,००० रुपये कुटुंबाने काउंटरवर पुन्हा भरले. यात लॉजवाल्याचा दोष नाही. एजंट थोडी रक्कम भरून खोली अडवतो आणि पुढच्या ग्रुपच्या आगाऊ पैशांतून मागच्या ग्रुपचं बिल भागवतो. पुढचा ग्रुप भरला नाही की मागचा उघड्यावर पडतो. एराविकुलम राष्ट्रीय उद्यानाची तिकिटं ‘समाविष्ट’ होती, प्रत्यक्षात काढलेलीच नव्हती. त्याच जाहिरातीत निळ्या फुलांनी भरलेले डोंगरही होते. नीलकुरिंजी १२ वर्षांतून एकदा फुलते. मुन्नारचा मोठा बहर २०१८ मध्ये येऊन गेला, पुढचा २०३० मध्ये. मधल्या वर्षी मे महिन्याच्या सहलीच्या जाहिरातीत हा फोटो दिसला तर बाकीचे फोटोही कुठून उचललेत हे समजून जावं.

खरी मेख थेक्कडीला. पेरियार व्याघ्र प्रकल्पाच्या आत, तळ्याजवळ मुक्कामाच्या मोजक्याच जागा आहेत आणि त्या सरकारी आहेत. आरण्य निवास, पेरियार हाउस आणि लेक पॅलेस ही केरळ पर्यटन विकास महामंडळाची, शिवाय वनखात्याचे स्वतःचे मुक्कामी उपक्रम. खासगी हॉटेलं, होमस्टे, ‘जंगल रिसॉर्ट’ बहुतेक सगळी कुमळी गावात किंवा वेलदोड्याच्या बागांमध्ये आहेत. त्यांत चांगली पुष्कळ आहेत, पण ‘व्याघ्र प्रकल्पाच्या आत’ ती नाहीत. या कुटुंबाला मिळालेली खोली कुमळीच्या बाजारात, बस स्टँडच्या मागे होती. खिडकीतून जंगल नाही, गोदामाचा पत्रा दिसत होता.

‘जीप सफारी’चंही तसंच. ताडोबा-पेंच पाहिलेल्या आपल्या माणसाच्या डोळ्यांसमोर सफारी म्हटलं की जिप्सी आणि वाघ येतो. थेक्कडीला तशी सफारी नाही. तिथे तळ्यावरची बोट हा मुख्य कार्यक्रम आणि वनखात्याच्या माणसासोबत पायी फेरी हा दुसरा. कुमळीत ‘जीप सफारी’ म्हणून विकतात ती बहुधा बागांमधून, टेकड्यांवरून फिरवणारी जीप असते. दृश्य सुंदर असतं, पण ती वाघाची सफारी नव्हे. बोटीचं तिकीट आधीच काढावं लागतं, मे महिन्यात ऐनवेळी मिळेल याचा भरवसा नाही. खासगी गाडीही बोटीच्या धक्क्यापर्यंत जात नाही, वनखात्याच्या बसने जावं लागतं. हे माहीत नसल्याने सकाळची फेरी हुकते आणि एजंट म्हणतो, ‘तुम्हीच उशीर केला.’ १८९५ मध्ये मुल्लपेरियार धरण झालं तेव्हा हे तळं तयार झालं. बुडालेल्या झाडांचे वाळके बुंधे अजून पाण्यातून वर दिसतात, आणि काठावर हत्ती, गवे, सांबर बघायला मिळतात ते बोटीतूनच. ते पाहायचं राहून गेलं तर थेक्कडीला जाऊन काय पाहिलं?

पाचव्या रात्रीचं वायनाड तर नकाशा उघडला असता तर घरीच उघडं पडलं असतं. थेक्कडी केरळच्या दक्षिण भागात, इडुक्की जिल्ह्यात. वायनाड उत्तर भागात, कोळिकोडच्या वर. मधलं अंतर जवळपास चारशे किलोमीटर, शेवटी ताम्रश्शेरी घाटाची नऊ वळणं. दहा-अकरा तास सहज लागतात. दुसऱ्या दिवशी परत दक्षिणेला अलप्पुळ्याच्या हाउसबोटीवर. पाच वर्षांच्या मुलाला घेऊन हे करता येत नाही, आणि एजंटालाही ते पक्कं ठाऊक असतं. थेक्कडीत ड्रायव्हर सांगतो, ‘वायनाड जमणार नाही, इथेच एक रात्र वाढवू.’ दमलेलं कुटुंब हो म्हणतं, आणि ट्री-हाउसचे पैसे न देताच एजंटाच्या खिशात राहतात. हा कार्यक्रम बिघडला नव्हता. न होण्यासाठीच तो आखला होता.

हाउसबोटीचं थोडक्यात. बोट संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास काठाला लागते, कारण रात्री मासेमारीची जाळी पडतात. स्वस्त बोटींत एसी रात्री नऊ ते सकाळी सहा एवढाच चालतो. ही तिथली रीत आहे, पण ती आधी लिहून द्यायला हवी.

आता पैसे देण्याआधीचं काम. प्रत्येक मुक्कामाच्या लॉजचं पूर्ण नाव, पत्ता, खोलीचा प्रकार, खोल्यांची संख्या आणि जेवणाचा प्लॅन लिहून मागा. सीपी म्हणजे फक्त नाश्ता, एमएपी म्हणजे नाश्ता आणि एक जेवण, एपी म्हणजे तिन्ही वेळ. जंगलातल्या लॉजला आसपास खानावळ नसते, त्यामुळे सीपीवर गेलेलं कुटुंब रात्री लॉज सांगेल त्या भावाने जेवतं. शाकाहारी किंवा जैन जेवण हवं असेल तर तेही लेखी. पाच वर्षांखालच्या मुलाला वेगळा बेड घेतला नाही तर अनेक लॉज पैसे घेत नाहीत, म्हणून ‘मुलाचे १४,०००’ कशाचे ते विचारा.

नाव हाती आलं की लॉजला फोन करा. नंबर एजंटाने दिलेला नको, गुगल मॅपवरचा एकटाही पुरेसा नाही, कारण मॅपवरचा नंबर बदलून स्वतःचा टाकण्याचे प्रकार होतात. लॉजची स्वतःची वेबसाइट आणि एखादी मोठी बुकिंग साइट ताडून घ्या. विचारायचं एवढंच : या तारखांना आमच्या नावाने किती खोल्या आहेत, बुकिंग नंबर काय, आतापर्यंत किती रक्कम जमा झाली. ‘होल्डवर आहे’ असं उत्तर आलं तर ते बुकिंग नव्हे. मग लोकेशन मागवून उपग्रहाच्या दृश्यात पाहा. झाडं आहेत की पत्रे, हे घरबसल्या दिसतं. रिव्ह्यू पाच ताऱ्यांचे सोडून दोन-तीन ताऱ्यांचे वाचा, तेही तुम्ही जाणार त्याच महिन्यातले. होमस्टे असेल तर केरळ पर्यटन खात्याचं वर्गीकरण विचारा : डायमंड, गोल्ड, सिल्व्हर. ते प्रमाणपत्राचा फोटो पाठवतात.

प्रदेश निवडताना महिना आधी, लॉज नंतर. मार्च ते मे कर्नाटकातल्या काबिनी धरणाचं पाणी ओसरतं, काठावर कोवळं गवत उगवतं आणि हत्तींचे कळप उतरतात. मुलांना जंगल दाखवायला हा काळ फार चांगला. तिथे कर्नाटक सरकारच्या जंगल लॉजेसच्या दरात सफारी धरलेली असते का, ते बुकिंगच्या वेळी वाचता येतं. मैसूरहून वायनाडला जायचं तर बंदीपूरमधला रस्ता रात्री नऊ ते सकाळी सहा बंद असतो. ‘रात्री दहाला पोचू’ म्हणणारा एजंट कधी त्या रस्त्याने गेलेलाच नाही. जून ते सप्टेंबर वायनाड-इडुक्की मुलांना घेऊन नकोच. ३० जुलै २०२४ ला वायनाडमध्ये मुंडक्कै-चूरलमलाच्या दरडींनी काय केलं ते सगळ्यांनी पाहिलं आहे. दिवाळीच्या सुट्टीत इडुक्कीला परतीच्या पावसाच्या दुपारच्या सरी धराव्या लागतात. आणि भुसावळहून इटारसीच्या गाडीने सातपुड्यातलं मढई किंवा बुऱ्हाणपूर-परतवाड्याकडून मेळघाटचं कोलकास इतकं जवळ असताना पहिल्याच जंगल सहलीसाठी केरळ गाठायलाच हवं असं आम्हाला वाटत नाही. फक्त मध्य प्रदेशातलं कोअरचं, म्हणजे आतल्या गाभ्याचं, जंगल १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतं. सफारीचं परमिट ओळखपत्रावरच्या नावाने निघतं, नाव जुळलं नाही तर गेटवरून परत. ‘परमिट आमच्याकडे आहे, नावं नंतर टाकू’ म्हणणाऱ्याकडे परमिट नसतं.

पैसे शक्यतो संस्थेच्या चालू खात्यावर किंवा क्रेडिट कार्डने द्या, जीएसटी बिल घ्या. जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा असतो, महाराष्ट्राचा २७ ने आणि केरळचा ३२ ने सुरू होतो. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर टाकला की कुणाच्या नावाने आहे ते मोफत दिसतं. बिलावरचं नाव आणि खात्यावरचं नाव जुळलं पाहिजे. ‘रिफंड देतो, क्यूआर स्कॅन करा’ असा फोन आला तर ठेवून द्या. पैसे घ्यायला पिन लागत नाही. एप्रिल २०२५ मध्ये केंद्राच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने खोट्या वेबसाइटवरून होणाऱ्या हॉटेल आणि यात्रा बुकिंगबद्दल इशारा दिला होता. सरकारी लॉजचं नाव लावलेली खोटी साइट हा त्याचाच भाग.

पेट्रोल पंपावर कूपन भरून घेऊन ‘तुमचा नंबर लागला, जोडीने या’ म्हणत हॉटेलात बोलावतात आणि दहा वर्षांची सदस्यता विकतात, तो वेगळा सापळा. तिथे त्या दिवशी सही करू नका, एवढं पुरे.

फसलात तर पहिल्या तासाला किंमत आहे. खोट्या साइटवर किंवा नंबरवर पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन, यूटीआर, म्हणजे त्या व्यवहाराचा बँकेतला क्रमांक, हाताशी ठेवून, आणि बँकेलाही कळवा. एजंट खरा पण सेवा खोटी असेल तर त्याच मुक्कामावर पुरावा गोळा करा : लॉजच्या काउंटरवर पुन्हा भरलेल्या पैशांची पावती, लॉजकडून ‘एवढीच रक्कम मिळाली’ असं लेखी, खोलीचे तारखेसह फोटो, ड्रायव्हरचे मेसेज. घरी आल्यावर हे मिळत नाही. १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. तिथे मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच करता येते, केरळला जावं लागत नाही. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची, आणि ई-जागृती पोर्टलवरून अर्ज भरता येतो. मुद्दाम फसवल्याचं दिसत असेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली पोलिसांतही तक्रार द्या.

चाळीसगावच्या त्या ग्रुपवर यंदा जानेवारीत पुन्हा ‘केरळ जंगल स्पेशल’ आलं. मोबाइल नंबर नवा, ट्री-हाउसचा फोटो तोच, आणि थेक्कडीनंतर पाचवी रात्र पुन्हा वायनाडची.