रॅक गेला तरी क्लस्टर चालू: व्हीसॅन की सेफ?

एखादा सर्व्हर बंद पडेल हे सगळेच धरून चालतात. अख्खा रॅक, म्हणजे सर्व्हर रचलेलं कपाटच, जाईल हे फारसं कोणी धरत नाही. मग एक दिवस रॅकच्या माथ्यावरचा नेटवर्क स्विच किंवा पीडीयू (रॅकला वीज वाटणारं युनिट) जातो आणि आतले सगळे होस्ट, म्हणजे सर्व्हर, एकदम गायब होतात. प्रायव्हेट क्लाउडला (स्वतःच्या सर्व्हरवर उभारलेल्या क्लाउडला) हा धक्का पेलायचा असेल, तर कुठला होस्ट कुठल्या रॅकमध्ये आहे हे स्टोरेजला सांगावं लागतं. व्हीएमवेअरचं व्हीसॅन (vSAN) आणि सेफ (Ceph) ही दोन्ही अनेक सर्व्हरच्या डिस्क जोडून एकच स्टोरेज बनवतात. व्हीसॅनमध्ये ते फॉल्ट डोमेननं (एकदम बंद पडू शकणाऱ्या होस्टच्या गटानं) सांगतात, सेफमध्ये क्रश मॅपनं (डेटा कुठे ठेवायचा याच्या नकाशानं). (‘सेफ’ हे नाव ऐकायला फारच आश्वासक आहे, त्यावर जाऊ नका.)

पण आधी रॅक मोजा. दोनच असतील तर कुठलंही उत्पादन घ्या, कोणता भाग चालू ठेवायचा हे ठरवणारं बहुमताचं गणित बसत नाही. व्हीसॅनला विटनेस (फक्त मत देणारा साक्षीदार) आणि सेफला एक मॉनिटर (क्लस्टरच्या स्थितीवर मत देणारा घटक) तिसऱ्या जागी ठेवावाच लागतो. तीनपैकी दोन मॉनिटर एकाच रॅकमध्ये असतील आणि नेमका तोच गेला, तर उरलेला रॅक धडधाकट असूनही ठप्प होतो.

तीन रॅक झाले की खरी तुलना सुरू होते. व्हीसॅनमध्ये एक बिघाड सोसणारं मिररिंग म्हणजे डेटाच्या दोन प्रती आणि तिसऱ्या रॅकमध्ये छोटासा साक्षीदार घटक. कच्च्या जागेतली निम्मी हाती लागते. मात्र रॅक गेला की त्यात ज्यांची प्रत होती, त्या व्हीएमची (आभासी मशीनची) एकच प्रत उरते. तेवढ्यात तिच्याखालची डिस्क गेली, तर बॅकअप शोधायचा. मिररिंगनं दोन बिघाड सोसायचे तर पाच रॅक लागतात.

सेफमध्ये तीन प्रती, प्रत्येक रॅकमध्ये एक. जागा एक तृतीयांशच मिळते, पण रॅक गेल्यावरही दोन प्रती राहतात आणि मिन-साइझ (काम चालू राहायला लागणाऱ्या किमान प्रती) २ असल्यानं काम चालू राहतं. त्यात आणखी एक डिस्क गेली तर तिच्यावरच्या डेटाचं वाचन-लेखन थांबतं, डेटा मात्र जात नाही. मला हा सौदा जास्त पटतो. फक्त सेफचा मूळ नियम प्रती वेगवेगळ्या होस्टवर ठेवतो, रॅकवर नाही. तो बदलायचा राहिला तर दोन प्रती एकाच रॅकमध्ये सापडतात. जागा वाचवायला ४+२ इरेजर कोडिंग (डेटाचे चार तुकडे, वर दोन जादा; कुठल्याही चारांतून डेटा परत मिळतो) करून प्रत्येक रॅकमध्ये दोन तुकडे ठेवायचा मोहही होतो. रॅक गेल्यावर चार तुकडे उरतात, डेटा सुरक्षित असतो, पण मिन-साइझ सहसा ५ असतो, म्हणून आयओ, म्हणजे वाचन-लेखन, थांबतं.

तीन रॅकवर दोघंही तग धरतात, पण तुटलेली प्रत पुन्हा उभी करायला चौथा रॅक लागतो. इथे दोघांचे स्वभाव वेगळे दिसतात. व्हीसॅन मूळ सेटिंगनुसार ६० मिनिटं वाट बघतं आणि जागा असेल तर स्वतःच पुनर्बांधणी सुरू करतं. सेफ एकट्या डिस्कसाठी १० मिनिटं थांबतं, पण सगळा रॅक गेला तर मुद्दाम काहीच करत नाही. रॅक परत येईलच, उगाच टेराबाइट कशाला हलवायचे, असा त्यामागचा हिशेब. म्हणजे निर्णय घ्यायला रात्री माणूस हवा. तसा माणूस टीममध्ये नसेल, तर व्हीसॅनचे पैसे मोजावेत. आणि ते मोजावे लागतातच, कारण नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमनं व्हीएमवेअर घेतल्यापासून मामला सबस्क्रिप्शनचा झाला आहे. सेफ मुक्त स्रोत आहे, तिथे खर्च पगारात जातो.

विंडोजवाल्यांकडे स्टोरेज स्पेसेस डायरेक्ट आहे. त्यालाही रॅक कळतात, पण डिस्कचा एकत्रित पूल बनवण्याआधी सांगावे लागतात आणि क्लस्टरची मर्यादा १६ सर्व्हरची.

व्हीएम कुठे बसतात हे यातलं कुठलंच स्टोरेज बघत नाही. प्रायव्हेट क्लाउड चालवणाऱ्या ओपनस्टॅकचा अँटी-अफिनिटी सर्व्हर ग्रुप दोन व्हीएम वेगळ्या होस्टवर टाकतो, पण ते होस्ट शेजारी-शेजारी एकाच रॅकमध्ये असू शकतात. म्हणून दर रॅकला वेगळा अव्हेलेबिलिटी झोन (व्हीएम टाकताना निवडता येणारा होस्टचा गट) करावा. व्हीएमवेअरच्या व्हीस्फिअरमध्ये रॅकनिहाय होस्ट ग्रुप करून डीआरएसचे (व्हीएम होस्टवर वाटणाऱ्या सोयीचे) नियम लावावे लागतात. रॅमही मोकळी हवी: तीन सारख्या रॅकवर दोन तृतीयांशांपुढे भरली, तर एक रॅक गेल्यावर सगळे व्हीएम मावणार नाहीत. सगळं जुळलं की क्लस्टर कामाला लावण्याआधी एका रॅकचे दोन्ही वीजफीड खरोखर पाडून बघा. व्हीस्फिअरचं नियंत्रण करणारं व्हीसेंटर नेमकं त्याच रॅकमध्ये होतं का, तेही तेव्हाच कळेल.